उतरलेला पियानो

तंबोरा बिघडत नाही, उतरतो. ताप उतरतो, पूर उतरतो, चेहरा उतरतो, तसाच हवा पालटली की तंबोराही उतरतो, आणि यांपैकी कोणत्याही उतरण्यात कोणाचा अपराध असतोच असे नाही. गाण्याच्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला हे क्रियापद इतके सवयीचे असते, की उतरलेले वाद्य पुन्हा चढवणे म्हणजे दुरुस्ती करणे असे त्याच्या मनातही येत नाही. खुंटी पिळावी, मणी सरकवावा, जवारी पाहावी आणि गायला बसावे. पियानोच्या वाट्याला ही सहजता आलेली नाही. मुंबईतील पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन कुटुंबे वगळली तर मराठी मुलखात पियानो घरात असा फारसा आलाच नाही. तो भेटला चित्रपटात. मेहबूब खानच्या १९४९ सालच्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोशी बसून गातो आणि दिवाणखान्यातली माणसे ऐकत राहतात. या वाद्याला वर्षातून दोनदा तरी कोणीतरी येऊन लावावे लागते, आणि तसे झाले नाही तर ते गुपचूप खाली जात राहते, हे चित्रपटात कोणी सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते.

चंदीगडचा आणि पियानोचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबचा कारभार सिमल्याहून चालू लागला आणि १९५३ साली तो शिवालिकच्या पायथ्याशी उभारल्या जात असलेल्या या नव्या नगरात उतरला. नगराची आखणी ज्याने केली त्या ल कॉर्बूझिएची आई पियानोची शिक्षिका होती आणि थोरला भाऊ आल्बेर संगीतकार होता, ही गोष्ट वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते. तिचे एक फलित मात्र दूरगामी होते. ‘मोद्युलोर’ ही आपली मापनपद्धती विशद करताना कॉर्बूझिएने सुरुवात केली ती विटेपासून नव्हे, स्वरापासून: अखंड नाद माणसाने तुकड्यातुकड्यांत कसा विभागला, पायथॅगोरसने काय केले आणि पुढे समान अंतराच्या सप्तकाने काय साधले, हा त्याचा प्रारंभबिंदू. ती मापपट्टी घेऊन चंदीगडच्या कॅपिटोलच्या इमारती बेतल्या गेल्या. म्हणजे ज्या शहरात पियानो शोधावा लागतो, त्या शहराच्या भिंतींमागे पियानोचे सप्तक कोठेतरी उभे आहे.

हवा मात्र पियानोची वैरीण. मे-जूनमध्ये लू वाहते आणि लाकूड तडकेल इतका कोरडेपणा येतो; जुलै ते सप्टेंबर सर्व काही ओले; मग डिसेंबर-जानेवारीत बाहेर धुके आणि आत विजेचा हीटर. पियानोच्या पाठीमागे स्प्रूसच्या पातळ फळ्यांचा ध्वनिफलक असतो. तो दमट हवेत फुगतो, त्यावरची घोडी वर उचलली जाते आणि तारा ताणल्या जातात. हवा सुकली की तो बसतो आणि तारा सैलावतात. या ये-जा करण्यात दर वर्षी थोडा स्वर हरवतो. पाच वर्षांनी कानाला शंका येते. पंधरा वर्षांनी तीही येत नाही, कारण तोवर कानाने तडजोड केलेली असते.

अशा पियानोंसाठी दिल्लीहून एक ट्यूनर सकाळच्या शताब्दीने येत असतो. वडिलांकडून शिकलेला, पन्नाशीचा, मितभाषी. हातातल्या चामडी पिशवीत लांब दांड्याची किल्ली, नमद्याच्या पट्ट्या, रबराच्या पाचरी, तारेची काही वेटोळी आणि एक नादकाटा. आता खिशातल्या फोनवरही स्वर मोजता येतो आणि तो मोजतोही. पण गिऱ्हाइकासमोर तो नादकाटाच काढतो. फोनवरचा आकडा पाहून माणूस वाद घालतो, नादकाटा ऐकून गप्प होतो, असा त्याचा अनुभव आहे.

त्याचा पहिला प्रश्न फोनवरच असतो: “शेवटचा कधी लावला होता?” या प्रश्नाचे उत्तर सहसा खरे नसते. माणसे वाद्य शेवटचे लावल्यापासून मोजत नाहीत, लावून घ्यायला हवे असे शेवटचे मनात आल्यापासून मोजतात. ‘दोन-तीन वर्षे’ म्हणजे आठ, ‘चार-पाच’ म्हणजे त्याहूनही कितीतरी अधिक, असा हिशेब त्याने बसवला आहे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: “वाजवणार कोण?” त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते. वाजवणारे कोणीच नसेल आणि घरात लग्न असेल म्हणून पियानो ‘चकाचक’ हवा असेल, तर किल्लीपेक्षा पॉलिशवाल्याची गरज अधिक असते. हे तो सांगतो. त्यामुळे त्याचे काही दिवस बुडतात.

सेक्टरमधल्या ज्या घराविषयी येथे लिहायचे आहे, त्या घरातून ‘चार-पाच वर्षे’ असे उत्तर आले होते. घर सरकारी नव्हे, निवृत्तीनंतर घेतलेले; विटांच्या जाळीतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडणारे. बाई सत्तरी ओलांडलेल्या. पुण्याहून वैद्यकीय शिक्षण घेऊन पीजीआयमध्ये नोकरीला आल्या आणि तेथल्याच एका पंजाबी सहकाऱ्याशी लग्न करून या गावच्या झाल्या. सासरे पंजाब सरकारच्या सेवेत होते. १९४७ साली देश सोडून निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाकडून त्यांनी सिमल्यात हा उभा पियानो विकत घेतला, आणि कचेरी खाली आली तेव्हा काल्क्याच्या घाटातून ट्रकवर घालून तोही खाली आणला. मुलगा तो वाजवू लागला. सून गाणारी निघाली. कोपऱ्यात गवसणीतला मिरजेचा तंबोरा आणि भिंतीशी बर्मिंगहॅम की लंडनहून आलेला हा ठोकळा, असा संसार पस्तीस वर्षे झाला. नवरा संध्याकाळी दवाखान्यातून आला की एक पट्टी दाबून धरायचा. बाई त्यावर तंबोरा लावायच्या. तो गेल्यावर पियानो बंद झाला. ती एक पट्टी मात्र रोज वाजत राहिली.

ट्यूनरने समोरची फळी काढली आणि आत डोकावले. जुने ट्यूनर पहिल्या पट्टीच्या कडेवर किंवा लोखंडी चौकटीवर पेन्सिलीने तारीख टाकून ठेवतात. या धंद्यातली रोजनिशी म्हणायची ती एवढीच. तेथे अठरा वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याने ती बाईंना दाखवली नाही. फळी बाजूला अशी ठेवली की त्यांना दिसावी. बाईंनी चष्मा लावून वाचली आणि त्या म्हणाल्या, “इतकी झाली?”

मग त्याने गुडघ्यावर आपटून नादकाट्याचा देठ लाकडाला टेकवला. नाद खोलीभर पसरला: ए, सेकंदाला ४४० कंपने; आपल्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी सहा. लगेच त्याने पियानोवरची पांढरी सहा दाबली. आला तो काळी चारचा स्वर. अंतर अर्ध्या स्वराचे, फार तर एखादा केस इकडेतिकडे. बोलून सांगण्यापूर्वी ऐकवावे, हा त्याचा शिरस्ता. बोलण्यातून गिऱ्हाइकाला संशय येतो की हा काम वाढवतो आहे. कानाला तसा संशय घेता येत नाही.

बाई गाणाऱ्या असल्यामुळे अंतर त्यांना कळले, पण त्यांचे म्हणणे वेगळे होते आणि ते विचार करण्याजोगे आहे.

“मास्टरजी, आमच्या गाण्यात षड्ज असा कुठे खिळ्याने ठोकलेला नसतो. ज्याचा गळा जिथे, तिथे त्याचा सा. तंबोरा आम्ही गळ्यावर लावतो, गळा तंबोऱ्यावर नाही. हा सगळाच्या सगळा अर्धा स्वर खाली आहे ना? मग तिथेच त्याला नीट जुळवून द्या. स्वतःशी सुरात असला की झालं.”

आपल्या संगीतविचाराचा एक संपूर्ण अध्याय या चार वाक्यांत आला. स्वरांतरांविषयी आपल्याकडे केवढे वाद झाले! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम घडवली गेली, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चिकित्सा झाली. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले ते तीनेक दशके. हा सगळा झगडा गांधार किती चढा आणि धैवत किती उतरता, याचा. सा कोठे असावा याविषयी कोणी कोणाशी भांडले नाही, कारण तो ज्याचा त्याने घ्यायचा होता. गंमत अशी, की हा मोकळा षड्ज सांगायला आपण शब्द वापरतो ते मात्र परक्या वाद्याचे. “तुमची पट्टी कोणती?” “काळी चार.” पट्टी म्हणजे लाकडाचा तुकडा आणि पट्टी म्हणजे गळ्याची उंची. शब्द एकच झाल्यामुळे, लाकूड खाली गेले तर उंचीही खाली गेली, हे लक्षात येण्याची सोय उरत नाही.

ट्यूनरला ग्रंथ माहीत नव्हते, पण उत्तर त्याच्याजवळ तयार होते. असा प्रश्न त्याला निराळ्या शब्दांत प्रत्येक घरी विचारला जातो.

“माताजी, तंबोऱ्याला तारा चार. याला सव्वादोनशे. एकेका तारेवर सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण, म्हणजे एकूण सोळा-सतरा टन. लोखंडी चौकट त्यासाठीच आहे. करणाऱ्याने तारेची लांबी, जाडी, हातोडीची जागा, सगळं त्या ताणावर बसवलंय. तंबोरा तुम्ही उतरवता, तो तुमच्या गळ्यासाठी. याला कुणी उतरवलं नाही. हा आपला आपण उतरलाय.”

हे खरे, आणि पूर्ण खरे नव्हे. जो ए तो नादकाट्यातून ऐकवत होता, तोही कोणी आकाशातून आणलेला नव्हता. हँडेलचा म्हणून जतन केलेला १७५१चा नादकाटा ४२२ आणि अर्ध्यावर आहे. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ४३५ ठरवला. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वर ४५२पर्यंत चढला होता आणि लष्करी बँडांनी तो चढा स्वर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही सोडला नव्हता. ४४० वर एकमत झाले ते १९३९च्या लंडनच्या परिषदेत, आणि आंतरराष्ट्रीय मानक म्हणून त्याची शिफारस १९५५ची. कॉर्बूझिएच्या मापपट्टीचेही असेच आहे. तिचा आधारपुरुष आधी १७५ सेंटिमीटर उंचीचा होता. पुढे तो १८३ सेंटिमीटरचा झाला, कारण, गंमतीने सांगितले गेले ते असे, की इंग्रजी रहस्यकथांतले रुबाबदार पोलीस नेहमी सहा फुटांचे असतात. चंदीगड उभे राहिले ते या दुसऱ्या पुरुषाच्या मापाने. माप ठरवताना माणसे किती सहज असतात आणि ठरल्यावर किती कठोर!

म्हणून चांगला ट्यूनर ‘तुमचा पियानो चुकीचा आहे’ असे म्हणत नाही. तो विचारतो, याला कोणाबरोबर वाजायचे आहे? पियानो एकटाच राहणार असेल तर बाईंचे म्हणणे ग्राह्य आहे. ताण कमी असल्यामुळे आवाज थोडा मंद आणि पोकळ येईल, पण अर्धा स्वर खाली राहून तो सुरात राहू शकतो. शंभर वर्षांचा, गंजलेला, सैल खुंट्यांचा पियानो असेल तर तसेच ठेवावे, हा सल्ला तो स्वतःहून देतो. मध्येच कोठेतरी, पाव स्वरावर, आणून सोडायला मात्र तो तयार नसतो. “ते कुणाचंच नाही,” असे त्याचे म्हणणे.

या घरात विचारण्याचे कारण नात होती. पंजाबी घरातही जिने ‘आजी’ हा शब्द टिकवून धरला होता, ती नात शाळेच्या वाद्यवृंदात फ्लूट शिकत होती. फ्लूट कारखान्यातून ४४०चा येतो. त्याचे तोंड सरकवून स्वर किंचित खाली घेता येतो. अर्धा स्वर नाही. सुट्टीत आलेल्या नातीने पियानोबरोबर वाजवून पाहिले आणि “आजी, तुझा पियानो खोटं बोलतो,” असे सांगून टाकले. ट्यूनरला फोन गेला तो यामुळे.

येथे या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. उतरलेल्या पियानोपाशी आलेल्या ट्यूनरला एक सोपी वाट नेहमी उपलब्ध असते. काही न बोलता पियानो आहे तेथेच जुळवायचा, दीड-दोन तासांत मोकळे व्हायचे आणि पैसे घेऊन जायचे. तार तुटत नाही, दुसरी फेरी मारावी लागत नाही, आणि कर्कशपणा गेल्यामुळे गिऱ्हाईक खूश होते. शंभरात नव्वद घरांत हे कधीच उघडकीस येत नाही. याच्या उलट दुसरी वाट: काही न बोलता सगळा वर चढवायचा आणि तार तुटली की ‘जुनी होती’ म्हणायचे. दोन्ही वाटांत काम वाईट होते असे नाही. पण दोन्हींत ठरवणारा ट्यूनर असतो आणि वाद्य असते दुसऱ्याचे. जुन्या पोथीतला पाठ टीप न देता ‘शुद्ध’ करून छापणाऱ्या संपादकांची आठवण येथे होते. मराठीत ते कमी झालेले नाहीत.

त्याने बाईंना सरळ सांगितले. वर नेता येईल. एकाच बैठकीत दोनदा लावावा लागेल: आधी भराभर आणि ढोबळ, मग सावकाश. तरी दीड-दोन महिन्यांत थोडा खाली येईल आणि पुन्हा यावे लागेल. त्याचे पैसे वेगळे. तारा तुटू शकतात. साधी तार तुटली तर तो जागेवर बसवील. खर्जातली तांब्याने मढवलेली तुटली तर करवून आणावी लागेल आणि नवी तार काही दिवस शेजारणींहून वेगळी वाजेल. तुटणाऱ्या तारांचा खर्च घरच्यांचा. हमी तो कशाचीच देत नाही. हे सगळे किल्ली हातात घेण्यापूर्वी.

बाईंनी ऐकून घेतले. मग त्या सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, “माझी पट्टी काळी चार. पुण्यापासून तीच आहे. आमच्याबरोबरच्या सगळ्या खाली आल्या. कुणी काळी दोनवर, कुणी पांढरी दोनवर. माझी चार राहिली.” आणि त्यांनी ती पट्टी दाबून, डोळे मिटून, षड्ज लावला. वयाने थोडा कंप आलेला, पण भरलेला आवाज होता.

ट्यूनर उभा राहून ऐकत होता. काळी चारच्या लाकडातून पांढरी पाचचा स्वर येत होता आणि बाई त्यावर निर्धास्त होत्या. गळा वयाबरोबर खाली येतो. अठरा वर्षे पियानो त्याच्या सोबतीने, एकेका ऋतूला एकेक पाऊल खाली उतरत गेला होता, आणि तंबोरा रोज त्या पियानोवर लावला जात होता. तिघांपैकी कोणाला काही कळण्याचे कारण नव्हते. बाहेरचा स्वर घरात शिरला तो एका मुलीच्या हातातल्या चांदीसारख्या नळीतून.

वाद्याविषयी बोलावे, माणसाविषयी बोलू नये, हा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. पण येथे वाद्याविषयी न बोलणे हीच फसवणूक झाली असती. दुपारी तो निघून गेला असता आणि संध्याकाळी बाई तंबोरा घेऊन बसल्या असत्या.

“माताजी, वर नेल्यावर ही पट्टी अर्धा स्वर वर जाईल. तंबोराही वर लावावा लागेल. तुम्हाला ते आधी कळलेलं बरं.”

बाईंनी पट्टीवरून बोट काढले नाही. त्या डॉक्टर होत्या. वाक्यातले न बोललेले ऐकण्याची सवय त्यांना आयुष्यभराची होती.

“म्हणजे मी काळी चारला गात नाही.”

“पियानो काळी चारला नाही, माताजी.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. आतल्या खोलीत नात फ्लूटवर एकच सप्तक वरखाली करत होती. मग बाई म्हणाल्या, “मीही लोकांना असंच सांगत आले. रिपोर्ट असा आला आहे, म्हणायचं. तुम्हाला असं झालं आहे, म्हणायचं नाही.” आणि उठता उठता, “लावा. पोरीला चारचौघांत वाजवायचं आहे.”

पुढचे काम तीन-साडेतीन तासांचे. त्याचे वर्णन कोठे वाचायला मिळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने. मधल्या व वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. नमद्याची लांब पट्टी तारांच्या मध्ये खोचून कडेच्या तारा मुक्या करायच्या आणि मधली एकच बोलती ठेवायची. किल्ली खुंटीवर बसवली की गंजलेली तार एकदम वर ओढायची नाही. आधी किंचित खाली. जेथे ती लोखंडाला वळसा घालते तेथे गंजाने धरलेली असते. खाली सोडताना एक बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो, पकड सुटते, आणि मगच ती वर जायला मोकळी होते. हा ‘टक्’ न ऐकता ओढणारा हात तार तोडतो.

दुसरी अडचण अधिक कठीण. अर्धा स्वर वर म्हणजे ताणात सुमारे बारा टक्क्यांची वाढ. सगळ्या तारा धरून पावणेदोन टनांच्या आसपास अधिक भार. तो घोडीमार्फत ध्वनिफलकावर येतो, फलक दबतो, आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा सैल होतात. मधले सप्तक लावून खर्जाकडे जावे, तोवर मधले खाली आलेले. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक तार हव्या त्या स्वराच्या थोडी वर नेऊन ठेवायची. किती वर, हे तार किती उतरली होती यावर आणि सप्तकावर ठरते. उतरलेल्या अंतराच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, खर्जात त्याहून कमी. म्हणजे पहिल्या फेरीच्या शेवटी पियानोतला एकही स्वर जाणूनबुजून खरा नसतो, आणि तरी तो बसत बसत खऱ्याजवळ येतो. या वेळी गिऱ्हाइकाने खोलीत असू नये असे ट्यूनरला वाटते. बाई मात्र खुर्ची घेऊन तेथेच बसल्या. स्वर चढताना त्यांच्या कपाळावर आठी पडत होती, तरी त्या हलल्या नाहीत.

दोन तारा तुटल्या. पहिली वरच्या सप्तकातली, नुसता चटका वाजून. दुसरी खर्जातली, मढवलेली. तिचा आवाज मोठा झाला आणि नात धावत आली. तुटलेल्या तारेचे वेटोळे करून ट्यूनरने कागदात गुंडाळले, जाडी मोजून कागदावर लिहिली. तेथे आता एकाच तारेवर स्वर चालणार होता.

पहिली फेरी संपल्यावर त्याने चहा घेतला, वाद्याला अर्धा तास बसू दिले, आणि दुसरी सुरू केली. आता नादकाटा एकदाच. पुढचे सारे एकमेकांच्या संगतीने: पंचम ऐकायचा, त्यातली संथ लाट मोजायची, तो केसभर अरुंद ठेवायचा, गांधार किंचित चढा राहणार हे स्वीकारायचे. आपल्या कानाला खटकणारा तो गांधार याच जागी, याच तडजोडीतून जन्मतो. शेवटी नमदा ओढून काढून तीन तारा एकमेकींत अशा मिसळायच्या की लाट थांबावी.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याने पट्ट्या पुसल्या. नातीने फ्लूट आणून आठ-दहा स्वर पियानोबरोबर वाजवून पाहिले, आजीकडे बघून हसली आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून निघून गेली. बाई पियानोपाशी आल्या. त्यांनी काळी चार दाबली. आकार लावला, अर्ध्यावर सोडला. क्षणभर थांबून बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर नेले. पांढरी पाच. तेथे त्या पुष्कळ वेळ राहिल्या.

ट्यूनर पाठमोरा होऊन पाचरी मोजून पिशवीत भरत होता; त्या आधीच मोजून झाल्या होत्या. बाईंनी झाकण लावले नाही, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढायला घेतली, तेव्हा तो वळला. पहिली पट्टी उचलून तिच्या कडेवर, अठरा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, त्याने आजची तारीख घातली आणि पुढे ४४० असे लिहिले. पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, “सहा आठवड्यांनी येतो. खर्जाची तारही तेव्हाच आणतो.”

“त्या दिवशी सकाळी या,” बाई खुंटी सैल करीत म्हणाल्या. “संध्याकाळी मी गायला बसते.”